दार उघडल्याचा आवाज

उस्मानचाचा टीव्ही डोळे मिटून बघायचे. समोर बातम्या असोत, क्रिकेट असो, नाहीतर त्यांच्या मुलीची, सलमाची, रोजची रडकी मालिका असो, चाचा खुर्चीत मागे रेलून, हनुवटी जरा वर करून डोळे गच्च मिटून बसायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा झोपला. तो बिचारा आवाज कमी करायला उठायचा आणि खुर्चीतून हुकूम यायचा, "ऱ्हाऊ दे. बघतोय मी." कोणी फारच छेडलं तर उत्तर ठरलेलं होतं. "बघनाऱ्याला अर्धंच दिसतं. बाकीचं अर्धं ऐकायला लागतं."

ही सवय त्यांना सौदीत लागली, आणि ती लागण्यात माझाही थोडा हात आहे.

बोर्ली पंचतनला आमच्या घराला लागून चाचांची पोफळीची वाडी. मी तिसरी-चौथीत असताना ते सौदीला पाइप जोडायच्या कामावर गेले आणि वर्षभरात तिकडून रंगीत टीव्ही आला. आळीतला पहिलाच. त्या सुमारास रविवारी सकाळी 'नभयात्री' नावाची हिंदी मालिका लागायची. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना ती आठवत असेल. एक अंतराळयान अनोळखी ग्रहावर उतरतं आणि त्याचं दारच अडकतं. आत सहा माणसं. बाहेर काय आहे ते माहीत नाही, दार उघडत नाही आणि पृथ्वीशी धड बोलणं होत नाही. यानाची भिंत पुठ्ठ्याची होती आणि कप्तान टेकला की ती हलायची. पण आम्हांला त्याचं काही नव्हतं. आंघोळी उरकून आम्ही पोरं चाचांच्या घरी, हमीदाचाचीच्या ओटीवर मांडी ठोकून बसायचो. मी पुढे विज्ञानाचा मास्तर झालो त्याचं खापर मी त्या पुठ्ठ्याच्या यानावर फोडतो.

आखातातल्या माणसाला फोन लावणं तेव्हा खिशाला परवडणारं नव्हतं आणि चाचीला लिहिता येत नव्हतं. आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतून तेव्हा कॅसेटचा रिवाज होता. टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन घरातल्या प्रत्येकानं बोलायचं, आणि कोणी सुट्टी संपवून परत निघालं की सुक्या बोंबलांच्या पुडक्याशेजारी त्याच्या बॅगेत ती कॅसेट टाकायची. तिकडूनही तशीच यायची. अशाच एका कॅसेटवर चाचा म्हणाले, "रविवारचं ते काय बघता सगली, ते मना पन ऐकवा. हितं खोलीत आमी आठ मानसं भिंतीकडं बघत बसतो."

त्या दिवसापासून चाची टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसू लागली. मालिकेतली माणसं हिंदीत बोलायची आणि मधल्या रिकाम्या जागी चाची आपल्या बोलीत चित्र सांगायची. "आता कप्तान उठला. तोंड घामानं भिजलंय. डाक्तरीन पान्याची बाटली बघते, बाटलीत पानी नाय." आमच्यापैकी कोणी खाकरलं तर चाचीची चापट बसायची, आणि तीही टेप व्हायची. वीज तर हमखास जायची. पण वीज गेली म्हणून चाची थांबत नसे. काळ्या पडद्याकडे बघत ती पुढचं रचून सांगायची. घरी गेल्यावर मला प्रश्न पडायचा की खरा भाग कोणता, चाचीचा की मालिकावाल्यांचा. चाचीचा बहुतेक वेळा बरा असायचा.

मग एका रविवारी कप्तानानं दाराच्या मुठीवर हात ठेवला, 'बाकी अगले हफ़्ते' अशी पाटी आली, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला भाताच्या बियाण्यांची माहिती लागली. त्याच्या पुढच्याही रविवारी बियाणंच. मालिका बंद पडली होती. का, ते कोणी सांगितलं नाही.

नेमकं तेव्हाच चाचांचंही दार अडकलं होतं. त्यांचा करार संपला होता, पण कफील, म्हणजे तिकडचा मालक, पासपोर्ट देत नव्हता. सलमा जन्मली ती चाचा सौदीला गेल्यानंतर. ती ओटीवर धावायला लागली तरी बापानं तिला पाहिलं नव्हतं. शेवटच्या कॅसेटवर चाचा फारसं बोललेच नव्हते. टेप नुसती फिरत होती आणि त्यात पंख्याची घरघर होती. तरी शेवटी त्यांनी विचारलं होतं, "दार उघडलं काय गो त्यांचं?"

एका दुपारी चाचीनं आम्हांला बोलावून प्रत्येकाच्या हातावर खजूर ठेवला. "त्यांची मानसं तरी घरी येऊ देत," ती म्हणाली. मग तिनं टेप चालू करून शेवटचा भाग केला. कप्तानही तीच झाली आणि डॉक्टरीणही तीच. कोणी बाटलीत फुंकर मारून वारा केला. माझ्याकडे दार होतं. बिर्याणीच्या देगचं जड झाकण पाट्याच्या दगडावरून ओढायचं. अंगावर काटा येईल असा खरखरणारा आवाज निघाला. चाची म्हणाली, "उघडलं. बाहेर माती हाय. आपलीच माती." त्या गंभीर क्षणाला छोटी सलमा खिदळली. आम्हांला वाटलं, सगळं मुसळ केरात. पण चाचीनं श्वासही न घेता सांगितलं, "ही कप्तानाची पोर. बापाला न्यायला आलीय."

चाचा त्यानंतर काही महिन्यांनी सुटून आले. त्या झाकणाबद्दल आळीत कोणी बोललं नाही. चाचीनं आम्हांला शपथ घातली होती आणि तिची चापट आम्हांला ठाऊक होती.

मी हे सगळं विसरूनही गेलो असतो. पण गेल्या वर्षी बातमी आली की 'नभयात्री' पुन्हा येणार. नवीन, झगमगीत, मोबाइलच्या ॲपवर, आणि तेही जुन्याच नटांना घेऊन. जाहिरातीत म्हटलं होतं, 'अधूरी कहानी अब होगी पूरी.'

तोवर हमीदाचाची जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि चाचा फुप्फुसांच्या दुखण्यानं घरात बांधले गेले होते. खाटेशेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरत असायचं. त्याची नळी नाकात. नळी पुरेल तेवढं चाचांचं जग. खाटेवरून ओटीवरच्या खुर्चीपर्यंत, आणि फार ताणलं तर उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावर उभं राहिलं की वाडीतली पहिली पोफळ हाताच्या अंतरावर दिसायची, पण हात पोचायचा नाही. लांब नळी लावा म्हटलं तर यंत्रवाला म्हणाला, मग हवेचा जोर कमी होईल. समुद्र दिवेआगरला, हाकेच्या अंतरावर म्हणा ना, पण चाचांनी दोन वर्षांत तो पाहिला नव्हता. जुम्म्याच्या नमाजालाही ते जाऊ शकत नव्हते. यंत्राला त्यांनी नाव ठेवलं होतं कफील. "माझा पासपोर्ट आता याच्याकडं," म्हणायचे. वीज गेली की यंत्र किंचाळायचं, सलमा धावत इन्व्हर्टरकडे जायची आणि चाचा पडल्या पडल्या म्हणायचे, "वरडू दे त्याला. पगार नाय मिलाला."

'नभयात्री'ची बातमी मीच त्यांना सांगितली. त्यांनी नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाले, "त्यांचं दार मना डोल्यांनी बघायचंय." डोळे मिटून जगणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी चपापलो.

मग आमच्याकडे नुसती धूम. या मालिकेच्या वेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात मी चाचांना घातलं. इंदूरपासून नागपूरपर्यंतचे पोक्त लोक त्यात पोरांसारखे भांडायचे. चाचा आवाजी निरोप पाठवायचे. दोन वाक्यं, धाप, पुन्हा दोन वाक्यं, आणि मागे यंत्राची घरघर. ग्रुपवर बरेच दिवस समज होता की हे गृहस्थ मुद्दाम मागे यानाच्या इंजिनाचा आवाज लावतात. त्यांना दादही मिळायची. चाचांनी ती मुकाट घेतली.

पण लवकरच पंचाईत सुरू झाली. चाचांनी मला लिहायला लावलं की कप्तानाला झुपकेदार मिशी होती, आमच्या स्टँडवरच्या कंट्रोलरसारखी. नागपूरच्या गृहस्थांनी जुना फोटो टाकला. कप्तान सफाचट. चाचा डगमगले नाहीत. "फोटोला बसताना काढली आसंल." इथवर ठीक होतं. मग एके दिवशी त्यांनी निरोप पाठवला, "कहानी अधुरी कुठं? पुरी झालीय. दार उघडलं, मानसं घरी आली. मी सोता ऐकलंय." ग्रुप पेटला. असा भाग कधी दाखवलाच नाही, म्हणाले. पुण्याच्या एकानं पुरावा मागितला आणि काका गोळ्या वेळेवर घेता ना, असंही विचारलं. मी ग्रुपवर काहीतरी थातुरमातुर लिहून वेळ मारून नेली आणि फोन खिशात घातला.

मला धास्ती पडली. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी नवा भाग येणार होता. त्यात ती सहा माणसं यानातच असणार हे उघड होतं. चाचांना कळणार होतं की त्यांचा शेवट खोटा होता, तो त्यांच्या बायकोनं भांड्याच्या झाकणावर रचला होता, आणि झाकण माझ्या हातात होतं. सलमाशी बोललो. ती भाकरी थापत म्हणाली, "आता त्यांच्याजवल हमीदाची तेवढी एक गोष्ट उरलीय, विजूदादा. ती पन हे लोक नेनार." आईला ती नावानंच म्हणायची, बापाचं ऐकून.

शुक्रवारी दुपारी मी शाळेतून अर्धी रजा टाकून आलो. टीव्हीला मोबाइल जोडला. सलमानं बापाला इस्त्रीचा सदरा घातला होता, अत्तर लावलं होतं. सुरुवातीचं संगीत वाजलं, तेच जुनं, जरा नव्या वाद्यांत. आणि चाचांनी डोळे उघडले.

पडद्यावर यान होतं, तेच दार होतं. पस्तीसेक वर्षांनी ती सहा माणसं त्याच दाराआड बसलेली होती. केस पिकलेले, हात थरथरणारे. भिंत आता पुठ्ठ्याची नव्हती, कोणी टेकलं तरी हलत नव्हती. मी पडद्याकडे न बघता चाचांकडेच बघत होतो. त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती, गावाहून आलेल्या पाहुण्यांना ओळखावं तशी.

"म्हातारी झाली रे सगली," ते म्हणाले.

शेवट कुठे गेला, माणसं परत आत कशी, काही विचारलं नाही. भाग संपल्यावर एवढंच म्हणाले, "मिशी नाय कप्तानाला." आणि थोड्या वेळानं, "हमीदाला सांगायला पायजे." मी चहा अर्धा टाकून घरी गेलो.

मग दर शुक्रवार असा जाऊ लागला. चाचा पुन्हा डोळे मिटून बघू लागले होते. तिसऱ्या भागाच्या मध्यावर वीज गेली. इन्व्हर्टरनं कफीलला सांभाळलं, पण इंटरनेट बसलं आणि पडद्यावर डॉक्टरीण तोंड उघडून थिजली. चाचा म्हणाले, "पुडं सांग." मी सांगायला लागलो. यानातल्या हवेचा दाब, दाराच्या धातूचं प्रसरण वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तू ऱ्हाऊ दे. तुझी शाला मधी येते. हमीदा असती तर एव्हाना कोनीतरी रडलं असतं." सलमा पदरात तोंड लपवून हसत होती.

तिचा नवरा कतारला. रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलायचा. जेवलीस का, जेवलो, बरं, आणि पाच मिनिटांत सगळं उरकायचं. चाचा तिला चिडवायचे, "रोज तोंड बघता, म्हनून बोलायला उरत नाय. आमाला तोंड नव्हतं, आमी किती बोललो."

मे महिन्यात त्यांची तब्येत ढासळली. उंबऱ्यापर्यंत येणं बंद झालं, मग खुर्चीही सुटली. नळी तेवढीच होती, पण जग खाटेवर आटलं. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी पनवेलला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. चाचा नाही म्हणत राहिले. "तिकडं दार दुसऱ्याच्या हातात असतं. मना ठाव हाय ते." सलमा रडली तेव्हा कुठे कबूल झाले. सकाळी गाडी येणार होती. मालिकेचे अजून बरेच भाग शिल्लक होते आणि यानाचं दार जागचं हललं नव्हतं. सहाजण आता आपसांत भांडू लागले होते.

आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. सलमा आत कपडे भरत होती. चाचा उशीला टेकून बसले होते. बोलताना मधे मधे थांबत होते.

"विजू, शेवटचा भाग कवा?"

"जूनच्या अखेरीला, चाचा."

"लांब हाय." मग म्हणाले, "तू आताच सांग."

"मला कुठं ठाऊक, चाचा? अजून आलाच नाही तो."

"तवा तरी कुठं आलेला?" त्यांनी डोळे मिटून घेतले. "झाकन फलीवर हाय. देगचं. पाटा मागल्या पडवीत. तुझ्या हातचा आवाज मना ठाव हाय, लेका. दुसऱ्याला नाय जमनार."

मी खाटेच्या कडेला टेकलो. कधीपासून, मी विचारलं.

"पयल्यांदा ऐकलं तवाच. ती देग मी सादीच्या वक्ताला भायखल्यावरनं आनलेली. आनि कप्तानाची पोर हसते ना, ती सलमा. बाप हाय मी." ते थांबले, श्वास गोळा केला. "खोलीत आमी आठ मानसं. सगल्यांनी ऐकलं. आठच्या आठ जानत होती, पन कोनी कायबी बोललं नाय. रोज रात्री ती कॅसेट लावायचो. उघडलं म्हनायची ती, की एकेक जन झोपायचा. घरी आल्यावर पाट्यावर रेघ दिसली. मी तिला कदी इचारलं नाय. तिनं कदी सांगितलं नाय. बस."

मी उठलो. फळीवरून झाकण काढलं. कल्हई उडालेली, पण वजन तेच. पाटा पडवीतून आत आणताना माझी कंबर धरली, हेही सांगून टाकतो. खाटेजवळ फरशीवर मांडी ठोकून बसलो, पन्नाशीला आलेला मास्तर, आणि सांगायला लागलो. आधी मला शब्द सापडेनात. मग सापडले ते माझे नव्हतेच. आता कप्तान उठला. हात कापतोय. डाक्तरीन म्हनते, सांभाल. तो म्हनतो, लई वर्सं सांभाललं. चाचांच्या भुवया हलल्या, म्हणजे बरं चाललं होतं. मी कप्तानाला हळूच एक झुपकेदार मिशीही देऊन टाकली. त्यानं मुठीवर हात ठेवला.

आणि मी झाकण ओढलं. तोच आवाज, दगडातून कळ निघावी तसा. वाडीतले कावळे उडाले. काय झालं म्हणून सलमा हातात सदरा घेऊन धावत आली, आणि दारात उभी राहून तिनं माझा अवतार पाहिला. फरशीवर बसलेला मी, मांडीत देगचं झाकण, कपाळावर घाम. ती खिदळली. लहानपणी खिदळली होती तशीच, तोंडावर हात ठेवून.

चाचांनी डोळे उघडले नाहीत. "आली बग," ते म्हणाले. "न्यायला आली."

मी झाकण पाट्यावर अलगद ठेवलं.

सकाळी गाडी आली. कफीलला घरी सोडून त्यांना गाडीतल्या प्राणवायूच्या नळकांड्याची नळी लावली. उचलून नेताना वाडीतल्या पहिल्या पोफळीपाशी त्यांनी गाडीवाल्यांना थांबायला लावलं आणि खोडावर तळवा टेकवला. मी निरोप घ्यायला वाकलो तर म्हणाले, "मास्तर, जरा बरं जमलं काल." पनवेलला ते आठवडाभर होते. त्यांना आणलं ते आमच्याच गावच्या कब्रस्तानात, चाचीच्या जवळ. त्या मातीपर्यंत जायला नळी लागली नाही.

जूनच्या अखेरीला 'नभयात्री'चा शेवटचा भाग आला. मी एकटाच बघणार होतो, पण पाय आपोआप त्यांच्या ओटीकडे वळले. सलमा मागे मासे साफ करत होती. कप्तानानं दाराच्या मुठीवर हात ठेवला, संगीत चढलं, पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली की उरलेली गोष्ट पुढच्या वर्षी. ग्रुपवर लगेच शिव्यांचा पाऊस सुरू झाला. नागपूरच्या गृहस्थांनी विचारलं, ते बोर्लीचे काका काय म्हणतात यावर? मी फोन बंद करून ठेवला.

सलमा हात पुसत बाहेर आली. "काय झालं, विजूदादा? उघडलं काय?"

"उघडलं," मी म्हटलं. "आले घरी."

ती हं म्हणाली, आणि आत जाऊन तिनं देगचं झाकण फळीवरून काढलं, पुसलं आणि परत ठेवलं.